धागा : रुग्णालयातल्या नर्स आणि सामाजिक कार्यकर्त्यांना समुपदेशन शिकवायचंय, आराखडा तपासून द्या (सोलापूर)

होटगी_रोड (धागाकर्ता)

साठ खाटांचं ट्रस्टचं रुग्णालय आहे. मेडिसिन, सर्जरी, बाळंतपण, छोटा आयसीयू. मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून एकदाच, गुरुवारी दुपारी येतात. पेशंट निम्मे पूर्व भागातले, बाकी अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, मोहोळकडचे. आठ नर्स, दोन एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेले) आणि एक फार्मासिस्ट यांना समुपदेशनाचं प्रशिक्षण द्यायचं ठरलंय. सध्याचा आराखडा: शनिवार-रविवार, सहा व्याख्यानं (तणाव व्यवस्थापन, नैराश्य, व्यसनमुक्ती, संवादकौशल्य, कायदा, सकारात्मक विचार), शेवटी प्रमाणपत्र.

दोन दिवस पुरतील का? प्रश्नावल्या कोणत्या घ्याव्यात? तेलुगू-कन्नड बोलणाऱ्या पेशंटचं काय करायचं? जाणकारांनी हातचं न राखता लिहावं.

मनोसामाजिक

दोन दिवस पुरणार नाहीत. पण नुसते दिवस वाढवूनही काम होणार नाही. सहा व्याख्यानं ऐकून नर्सला नैराश्याची लक्षणं पाठ होतील, खाटेजवळ जाऊन पहिलं वाक्य काय बोलायचं ते येणार नाही. 'सकारात्मक विचार' तर आधी काढून टाका. त्या सत्रातून बाहेर पडलेला माणूस पेशंटला "टेन्शन घेऊ नका" एवढंच सांगायला शिकतो, आणि ते पेशंटला शेजारीपाजारीही सांगत असतात.

असं करून बघा. पाच शनिवार, दर शनिवारी सहा तास. आठही नर्स एकदम ड्युटीवरून सुटणार नाहीत, तेव्हा दोन तुकड्या करा. तीस तासांतले निदान अठरा तास सराव. त्यानंतर सहा महिने दर गुरुवारी, तज्ज्ञ आलेले असतानाच, एक तास केसची चर्चा. हा गुरुवारचा तास बसत नसेल तर बाकीचा खर्चही करू नका.

सराव तिघांच्या गटात. एक समुपदेशक, एक पेशंट, एक निरीक्षक. दहा मिनिटं संवाद, पाच मिनिटं निरीक्षकाचं बोलणं, मग भूमिका बदलायच्या. निरीक्षकाने "छान झालं" म्हणायचं नाही. त्याने मोजायचं: खुले प्रश्न किती, हो-नाहीचे किती, पेशंटचं वाक्य मध्येच किती वेळा तोडलं, सल्ला कितव्या मिनिटाला दिला. पहिल्या फेरीत बहुतेकांचा सल्ला दुसऱ्या मिनिटालाच येतो. नर्सच्या बाबतीत हे जास्तच होतं, कारण दिवसभर सूचना देणं हेच त्यांचं काम असतं.

चार गोष्टी हाडीमासी खिळल्या पाहिजेत. खुला प्रश्न ("झोप लागते का?" नव्हे, "रात्र कशी जाते?"), पेशंटने केलेल्या प्रयत्नांची दखल, त्याचं बोलणं आपल्या शब्दांत परत सांगणं, आणि शेवटी थोडक्यात गोळा करून "बरोबर समजलं का मला?" असं विचारणं. यातलं तिसरं सगळ्यात अवघड, त्याला वेळ द्या. पेशंट गप्प झाला की पाच सेकंदही गप्प बसवत नाही. तेही घड्याळ लावून शिकवावं लागतं.

मोजमापासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या 'इक्विप' मंचावर 'एनॅक्ट' नावाचा तक्ता आहे. प्रत्येक कौशल्याला चार पातळ्या, आणि पहिली पातळी म्हणजे 'अपाय होऊ शकेल असं वागणं'. तक्ता प्रशिक्षणाआधी एकदा आणि नंतर एकदा भरा. प्रमाणपत्र पहिल्या पातळीवर एकही खूण नसलेल्यालाच. हजेरीवर देऊ नका.

कडक_भाकरी

हे सगळं चांगलंय, पण आठ नर्स आणि दोन एमएसडब्ल्यू म्हणजे काही मानसशास्त्रज्ञ नव्हेत. पदवी नसलेल्यांनी हे करावं का?

मनोसामाजिक

@कडक_भाकरी, प्रश्न रास्त आहे. गोव्यात 'संगाथ' संस्थेने हेच तपासलं. मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रात बसवलं. नैराश्यासाठी सहा ते आठ भेटी, दारूसाठी एक ते चार. निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले आणि उपयोग झालेला दिसला. पण ही माणसं ठरलेल्या पुस्तिकेप्रमाणेच काम करत होती, आणि त्यांच्या संभाषणांच्या ध्वनिफिती गटात ऐकून एकमेकांना गुण दिले जात होते. आपल्याकडे लोक 'पदवी लागत नाही' एवढंच उचलतात आणि देखरेख सोडून देतात.

पेठेतला_वकील

पाटीवर काय लिहिता ते सांभाळा. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' ही पाटी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असलेल्यालाच लावता येते. २०२१ च्या संलग्न आणि आरोग्य-व्यवसायी आयोगाच्या कायद्याच्या परिशिष्टात वर्तनविषयक आरोग्याचे व्यवसाय, एचआयव्ही आणि कुटुंबनियोजन समुपदेशक, मानसिक आरोग्य साहाय्यक हे सगळे आलेत. त्यामुळे पाच शनिवारांवर कुणाच्या नावापुढे 'समुपदेशक' लावू नका. ओळखपत्रावर 'परिचारिका' असेल तर तेच राहू द्या. कामाला हवं तर 'मनआधार कक्ष' असं साधं नाव द्या.

अधिपरिचारिका_७१

प्रश्नावल्यांबद्दल. सुरुवातीला तीनच घ्या: नैराश्यासाठी पीएचक्यू-९, चिंतेसाठी जीएडी-७ आणि दारूसाठी ऑडिट. पीएचक्यू आणि जीएडी मराठीत उपलब्ध आहेत, वापरायला पैसे लागत नाहीत.

ओपीडीत सरसकट पीएचक्यू-९ भरत बसू नका. आधी पीएचक्यू-२, म्हणजे दोनच प्रश्न: कामात रस वाटत नाही का, आणि मन उदास असतं का. दोन्ही मागच्या दोन आठवड्यांपुरते. बेरीज ३ किंवा जास्त आली की मग नऊ प्रश्न. गावाकडे आशाताई सीबॅक (आजारांच्या जोखमीची चाचपणी करणारा) फॉर्म भरतात, त्यातही हेच दोन प्रश्न असतात. पेशंटकडे तो आधीच भरलेला असेल तर बघून घ्या.

पीएचक्यू-९ ची बेरीज ० ते २७. पाचला सौम्य, दहाला मध्यम, पंधराला मध्यम-तीव्र, वीसला तीव्र. दहा किंवा जास्त आलं की तज्ज्ञांच्या यादीत नाव.

चुका कुठे होतात ते सांगते.

पर्याय 'किती दिवस' याचे असतात: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. नर्स घाईत "थोडं की जास्त?" असं विचारते आणि आकडा निरर्थक होतो. चौदा दिवसांचं कॅलेंडर समोर धरा, "यातले किती?" विचारा.

झोप, भूक, थकवा हे तीन प्रश्न वॉर्डातल्या पेशंटला आजारामुळेच गुण देऊन जातात. ऑपरेशन होऊन तीन दिवस झालेल्याची बेरीज १२ आली तर पहिले दोन प्रश्न आणि नववा वेगळे बघा.

नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. शून्य सोडून काहीही आलं तर एकूण बेरीज ४ असली तरी त्याच वेळी पुढचे प्रश्न विचारायचे. "असे विचार येत नाहीत ना?" असा नकार पेरलेला प्रश्न बंद. "कधी जीव नकोसा होतो का?" सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात विचार घातला जात नाही. ही भीती सरावात घालवली नाही तर वॉर्डात प्रत्येक जण हा प्रश्न गाळतो आणि शून्य लिहितो. महिन्याचे सगळे फॉर्म काढून नववा रकाना बघा. सगळीकडे शून्य असेल तर कुणी विचारतच नाही असं समजा.

बाळंतपण विभागाला एडिनबर्गची (बाळंतपणातल्या नैराश्यासाठीची) वेगळी दहा प्रश्नांची यादी आहे. तिथे १३ किंवा जास्त आलं तर काळजी, आणि दहावा प्रश्न इजेचा.

डॉ_नाइट_ड्युटी

वरच्यात भर. 'मनाचं आहे' म्हणण्याआधी शरीर बघून घ्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, शाकाहारी पेशंटमध्ये बी-१२. इन्शुलिनवर असलेल्या माणसाला घाम, धडधड, भीती सुरू झाली तर ग्लुकोमीटर आधी, समुपदेशन नंतर.

आणि समुपदेशन न करण्याचे प्रसंग शिकवा. अचानक सुरू झालेली बडबड, दिवस-रात्र ओळखता न येणं, सकाळी ठीक आणि संध्याकाळी बिघडलेला, भिंतीवर किडे दिसतात म्हणणारा: हा डेलिरियम, म्हणजे शरीरातल्या बिघाडामुळे आलेला भ्रम. नातेवाईक 'बाहेरचं काहीतरी' म्हणतील, नर्स 'सायकॅट्रीला कळवू' म्हणेल. कळवायचं आधी ड्युटी डॉक्टरला. आपल्याकडे यातलं मोठं कारण दारू अचानक सुटणं. पाय मोडून भरती झालेला माणूस, शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दुसऱ्या ते चौथ्या दिवशी डेलिरियम. म्हणून भरती करतानाच "रोजची किती आणि शेवटची कधी?" हे दोन प्रश्न फाइलवर हवेत. अशा माणसाला "आजपासून एकदम सोडा" हा सल्ला घरी पाठवताना देऊ नये. औषधाखाली सोडवावी लागते. ग्लुकोजच्या आधी थायमिन (जीवनसत्त्व बी-१), हे नर्सलाही ठाऊक असावं.

ऑडिटमध्ये एक अडचण येते. १८० मिलीची विदेशी क्वार्टर म्हणजे ढोबळ सहा मापं, हे ठीक. हातभट्टी आणि शिंदीचा जोर मात्र दर खेपेला वेगळा. तिथे मापं मोजण्यापेक्षा आठवड्यातले दिवस, सकाळी उठल्यावर लागते का आणि कामाचे किती खाडे, यावर भर द्या. ऑडिट ८ किंवा जास्त आलं तर संक्षिप्त समुपदेशन, २० किंवा जास्त तर थेट तज्ज्ञ.

विडी_घरकुल

आमच्या बाजूचे पेशंट येणार असतील तर मिशरी हा विषय वेगळा ठेवा. व्यसनमुक्तीच्या व्याख्यानात सिगारेटचे फोटो दाखवतात. इथे बाई तोंडात मिशरी लावते आणि दिवसभर विड्या वळते, म्हणजे जर्दा हाताळून कातडीतूनही निकोटीन जातंच. "तंबाखू खाता का?" विचारलं तर "नाही" म्हणेल, आणि खोटंही नाही, ती लावते. "मिशरी दिवसातून किती वेळा? सकाळी उठल्यावर किती वेळात?" असं विचारा. अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर सवय पक्की.

सोडायला नकार देण्याचं कारण नव्वद टक्के वेळा एकच ऐकू येईल: मिशरीशिवाय पोट साफ होत नाही. त्यावर कॅन्सरचं चित्र दाखवून उपयोग नाही. सकाळी कोमट पाणी, रात्री भिजवलेले मनुके किंवा डॉक्टरांनी दिलेलं सौम्य औषध, हे पहिल्या दोन आठवड्यांसाठी आधी ठरवा, मग सोडण्याची तारीख. निकोटीनचा च्युइंगगम दिला तर चघळायचा कसा ते करून दाखवा. हळू चावायचं, चुरचुर लागली की गालात दाबून ठेवायचं, चव गेली की परत चावायचं, साधारण अर्धा तास. साध्या गमसारखा चावला की उचकी लागते, मळमळतं, आणि बाई दुसऱ्या दिवशी मिशरीची डबी उघडते. वर चहा घेतला तर गमचा असरही कमी होतो, पंधरा मिनिटं अंतर हवं.

पहिले तीन दिवस वाईट, त्या दिवसांत एक फोन करा. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती क्रमांक १८००-११-२३५६ चिठ्ठीवर छापून द्या.

(नव्वद टक्के हा आकडा बोलण्यातला, कुणी मोजलेला नाही.)

कडक_भाकरी

आणि हे सगळं करायला वेळ कुठून आणणार? सकाळच्या ओपीडीत टोकन शंभरावर जातं.

अधिपरिचारिका_७१

तंबाखू-दारूचं संक्षिप्त बोलणं पाच ते दहा मिनिटांचंच असतं. विचारायचं, स्पष्ट सल्ला एका वाक्यात, तयारी जोखायची, मदत ठरवायची, पुढची तारीख. बीपी-साखर तपासणीच्या टेबलावर पेशंट तसाही थांबलेला असतो. नैराश्याच्या भेटीला मात्र तीस-चाळीस मिनिटं लागतातच. ती ओपीडीत करूच नका, दुपारी तीन ते पाच ठेवा. दिवसाला तीनच.

गेंट्याल_चौक

भाषेचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पूर्व भागातल्या वयस्कर बायकांना मराठी कळतं, बाजारहाट मराठीत होते, पण दुःख तेलुगूत बाहेर पडतं. अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, आणि शहरात दखनी. तुमच्या अकरा जणांत कोण काय बोलतं याची यादी करा. वॉर्डबॉय आणि आयांसकट करा, तिथेच सगळ्यात जास्त भाषा सापडतील.

नातेवाईक दुभाषा चालणार नाही, आणि मुलं तर अजिबात नाहीत. सून सासूचं सांगते तेव्हा स्वतःबद्दलचं गाळते. शाळकरी नातीला "आज्जीला मरावंसं वाटतं का विचार" म्हणणं हा त्या पोरीवर अन्याय.

आया दुभाषी असेल तर तिला दोन तास वेगळे द्या. तिने "मी"मध्ये बोलायचं. पेशंट म्हणाली "मला झोप नाही" तर "त्यांना झोप नाही म्हणतात" नव्हे, "मला झोप नाही" असंच सांगायचं. भर घालायची नाही, समजूत काढायची नाही, ऐकलेलं खोलीतच ठेवायचं. बसायची जागा पेशंटच्या शेजारी, किंचित मागे, म्हणजे पेशंट समुपदेशकाकडे बघून बोलते. वेळ दुप्पट धरा. आणि ती एकाच गल्लीतली निघाली तर पेशंटला विचारून बदला.

मनोसामाजिक

विषारी औषध घेऊन आलेल्यांचा वॉर्ड तुमच्याकडे आहे का? असेल तर एक पूर्ण शनिवार त्याला द्या.

फवारणीचं औषध प्यायलेल्या पेशंटला अनेकदा अॅट्रोपिन (विषावरचा उतारा) चालू असतं. त्या काळात तो चादर उपटतो, हवेत हात फिरवतो, असंबद्ध बोलतो. त्या वेळी "आता परत करणार नाही ना?" विचारून "नाही" असं उत्तर फाइलवर लिहिणं म्हणजे कागद काळे करणं. शुद्ध, वेळ, ठिकाण नीट सांगता येईपर्यंत थांबा. शिवाय पहिल्या चार दिवसांत श्वासाचे स्नायू अचानक कमजोर पडू शकतात, तेव्हा मान उचलता येत नाही असं दिसलं तर बोलणं थांबवून डॉक्टर.

मग भेट. नातेवाईक बाहेर. "का केलंस?" हा प्रश्न नको, तो पोलिसांनी आणि सासरच्यांनी विचारून झालेला असतो. "त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं?" इथून सुरू करा. मग सुरक्षा आराखडा, पेशंटच्या शब्दांत, एका कागदावर: धोक्याच्या खुणा, एकट्याने करता येण्यासारखं काही, जिथे जाऊन मन रमेल अशी माणसं-जागा, मदत मागता येईल असं माणूस, दवाखाना आणि हेल्पलाइन, आणि घरातलं साधन दूर करणं. शेवटचा मुद्दा घरच्यांसोबत. "औषध लपवून ठेवा" पुरत नाही. कुलपाची पेटी, किल्ली कुणाकडे ते नाव लिहून, किंवा उरलेला डबा घरातून हलवणं, आणि लागेल तेव्हाच विकत आणणं.

'परत असं करणार नाही' असं लिहून सही घेण्याची पद्धत बंद करा. तिचा उपयोग होत नाही, आणि पेशंट पुढच्या वेळी बोलायला कचरतो.

घरी गेल्यावर पाठपुरावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्या अभ्यासात चेन्नईही होतं, त्यात जाताना एक तासाची भेट आणि मग नऊ संपर्क होते: पहिला, दुसरा, चौथा, सातवा, अकरावा आठवडा, मग चौथा, सहावा, बारावा, अठरावा महिना. तेच वेळापत्रक रजिस्टरला चिकटवा. फोन कोणत्या नंबरवर आणि कोणी उचलला तर काय सांगायचं, हे पेशंटलाच विचारून ठेवा.

पेठेतला_वकील

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ (अंमल २९ मे २०१८ पासून), कलम ११५: आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं, उलट सिद्ध होत नाही तोवर, गृहीत धरायचं, खटला नाही. एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या केसची) नोंद नेहमीप्रमाणे होईल, पण "केस होईल" अशी भीती पेशंटला घालू नये.

गोपनीयतेचं कलम २३. नर्सच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पेशंटचा फोटो किंवा केसपेपर टाकणं बसत नाही. पण "कुणालाच सांगणार नाही" असं वचनही देऊ नका. जिवाला धोका असेल तर सांगावं लागतं, आणि १८ वर्षांखालच्या मुलावरचा लैंगिक अत्याचार कळला तर पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. हे पेशंटला पहिल्याच भेटीत, त्याने तोंड उघडण्याआधी सांगायचं.

डॉ_नाइट_ड्युटी

टीबीचे पेशंट येत असतील तर एक ओळ. औषधाला दाद न देणाऱ्या टीबीत सायक्लोसेरिन चालू असेल आणि माणूस उदास, चिडका किंवा संशयी झाला, तर 'आजाराचं टेन्शन' समजून समुपदेशन करत बसू नका, त्याच दिवशी उपचार करणाऱ्या डॉक्टरला कळवा. गोळी आपल्या मनाने बंदही करू नका.

होटगी_रोड (धागाकर्ता)

भरपूर मिळालं. बदललेला आराखडा: दोन तुकड्या, पाच शनिवार. १) ऐकणं आणि बोलणं, २) प्रश्नावल्या आणि शरीराची कारणं, ३) दारू-तंबाखू-मिशरी, ४) विषप्राशन आणि सुरक्षा आराखडा, ५) दुभाषे, गोपनीयता, पुढे पाठवणं. गुरुवारचा तास तज्ज्ञांनी मान्य केलाय, त्याचं मानधन वेगळं. खोली म्हणजे जुन्या एक्स-रेची जागा, दार लागतं, पण आवाज बाहेर येतो.

अधिपरिचारिका_७१

दाराबाहेर पंखा किंवा रेडिओ लावा, खुर्च्या भिंतीपासून लांब ओढा. खोलीत टेबल मध्ये नको. समुपदेशकाची खुर्ची दाराच्या बाजूला, अडचण आली तर बाहेर पडता यावं. आणि पाटीवर 'मानसिक' लिहू नका, लोक आत पाऊल टाकणार नाहीत.

पुढे पाठवण्याची यादी करताना प्रत्येक नंबर स्वतः लावून बघा. टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६ चोवीस तास चालतं, मराठीतही बोलतात. सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीचे वार-वेळ तिथे जाऊन विचारून या. चिठ्ठीवर 'सायकॅट्रीला दाखवा' एवढंच लिहिलं तर पेशंट जात नाही. खोली कुठे, कोणत्या वारी, कागद कोणते, सोबत कोण, हे लिहा, आणि आठ दिवसांनी गेला का ते फोनवर विचारा.

होटगी_रोड (धागाकर्ता)

सरावाचे प्रसंग कुठून आणायचे? एखादा नमुना मिळेल का?

मनोसामाजिक

खऱ्या पेशंटची केस उचलू नका, वॉर्डात सगळे ओळखतात. दोन-तीन केस मिसळून बनवा. हा घ्या एक.

पेशंटचं कार्ड: वय ३४, विड्या वळते. महिन्यात तिसऱ्यांदा छातीत धडधड आणि हातपाय गार पडतात म्हणून आली. ईसीजी आणि हिमोग्लोबिन ठीक. सोबत सासू. बचत गटाचे हप्ते थकलेत, पैसे नवऱ्याने घेतलेत. सासू खोलीत असेपर्यंत यातलं काहीही सांगायचं नाही. समुपदेशकाने "घरी काही प्रॉब्लेम आहे का?" विचारलं तर "नाही" म्हणायचं. "दिवस कसा जातो, सकाळपासून सांगा" असं विचारलं तर हप्त्याचा वार आला की थांबायचं आणि खाली बघायचं.

सासूचं कार्ड (चौथा माणूस असेल तर): "काय विचारायचं ते माझ्यासमोर विचारा" असं दोनदा म्हणायचं. तिसऱ्यांदा नीट कारण सांगून बाहेर बसायला सांगितलं तर जायचं.

निरीक्षकाचं कार्ड: सासूला बाहेर कसं पाठवलं, तिचा मान राखला का. धडधड खरी आहे हे मान्य केलं की "काही नाही, मनाचं आहे" म्हटलं. पेशंट थांबली तेव्हा समुपदेशक किती सेकंद गप्प राहिला. सल्ला कितव्या मिनिटाला.

दुसऱ्या तुकडीला हाच प्रसंग देऊ नका, मधल्या सुट्टीत सगळं फुटलेलं असतं.